हरणीचं ऑपरेशन

वरवंडच्या पुढं हायवे सोडून कालव्याच्या कडेनं चालत गेलं की चार-दोन घरांची धनगरवस्ती लागायची. त्यातलं शेवटचं पत्र्याचं घर रतनबाईचं. दारात लिंब, लिंबाखाली बाज, आणि बाजेखाली हरणी. हरणी तिची कुत्री. तांबूस अंगाची, लांब पायांची, कानाच्या टोकाला काळी. नवऱ्याच्या, ज्योतिबाच्या मेंढरांमागं जी कुत्री हिंडत, त्यांच्या वंशातली ही शेवटची.

रतनबाई कमी बोलणारी बाई. वस्तीवरच्या बायकांत बसली तरी तिच्याकडं ऐकण्याचंच काम. बाळंतपणाच्या गप्पा निघाल्या की मात्र ती पदर झटकून उठायची. म्हाताऱ्यांना त्यामागचं कारण ठाऊक होतं. तरण्या बायकांनी ते कधी विचारलं नाही.

कारण होतं ते शहात्तर सालातलं. तेव्हा घरात मेंढरांचा मोठा कळप होता. सासू विठाबाई, नवरा ज्योतिबा, चार वर्षांचा बिरदेव, अंगावर पिणारी रुपाली आणि रतनबाई, एवढी माणसं पावसाळ्यापुरती गावाला टेकायची आणि उरलेलं वर्ष मेंढरांमागं काढायची. त्या साली सरकारी माणसं कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी माणसं गोळा करत गावोगाव फिरत होती. रेशनकार्ड पाहिजे असेल तर घरातल्या एकाचं ऑपरेशन झालं पाहिजे, असं ज्योतिबाला कुणीसं सांगितलं. खरं होतं का खोटं, कोण बघायला गेलं होतं.

ज्योतिबा म्हणाला, "माझ्या कमरंतली ताकद गेली तर मेंढरं कोण वळणार?"

विठाबाई म्हणाली, "एक ल्योक हाय, एक ल्येक हाय. झालं की आता."

रतनबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. दोघांपैकी कुणी तिच्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला इतर बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. एका शाळेच्या खोल्यांत सतरंज्या अंथरल्या होत्या. कागदावर अंगठा घेतला आणि आत नेलं. जाग आली तेव्हा शेजारची बाई पाणी पाणी करत होती, आणि पोर लांब ठेवल्यामुळं रतनबाईची चोळी दुधानं भिजून गार पडली होती. टाके नीट भरायच्या आतच मेंढरं हलली. ती पोटाला लुगड्याचा पट्टा आवळून मागं चालली.

पुढच्या वर्षी कोकणात उतरताना घाटात रुपालीला गोवर निघाला. तापानं फणफणलेलं पोर पाठीशी बांधून रतनबाई उतरत होती आणि उतरता उतरताच पाठीवरचं ओझं जड झालं. वाटेच्या कडेला खड्डा घेतला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून ज्योतिबानं वर धोंडे रचले. सकाळी मेंढरं पुढं निघाली. मेंढरांना थांबता येत नाही, चारा संपला की चालावंच लागतं. रतनबाई वळून वळून बघत गेली, तोवर ते धोंडे करवंदीच्या जाळीआड गेले.

त्यानंतर विठाबाई येताजाता म्हणायची, "वांझ न्हाई म्हणायची, एवढंच." ऑपरेशनला आपणच पाठवलं होतं, हे तिला आठवत नसावं. ज्योतिबानं दुसरी बायको केली नाही. तो काही बोललाही नाही. फक्त एकदा मेंढरं कातरता कातरता मान खाली घालून म्हणाला, "जरा घाईच झाली." हे वाक्य रतनबाईनं पुढची वीस वर्षं मनात फिरवलं. त्यात माया होती का नुसतीच हळहळ, हे तिला कधी उमगलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही. मग दम्यानं ज्योतिबा गेला. बिरदेवानं मेंढरं विकली, शिक्रापूरच्या बाजूला कंपनीत कामाला लागला, लग्न करून तिथंच खोली घेऊन राहिला. कालव्याकडची जमीन आणि हरणी, एवढं रतनबाईकडं उरलं.

हरणी पहिल्यांदा व्याली तेव्हा रतनबाईला आनंदच झाला. तिनं गुळाचं पाणी करून पाजलं, गोठ्यात पोतं अंथरलं. मेंढरं घेऊन चाललेल्या एका धनगरानं दोन नर नेले. तीन माद्या होत्या, त्या कुणी नेल्या नाहीत. "वर्साला दोनदा व्याती, कोण निस्तरणार?" असं म्हणून माणसं हात झटकायची. त्या तिन्ही माद्या मोठ्या होऊन हायवेच्या ढाब्याकडं खरकट्याला जाऊ लागल्या, आणि एकेक करून ट्रकखाली गेल्या. दरवेळी हरणी रस्त्यावर जाऊन उभी राहायची. गाड्या हॉर्न वाजवत बाजूनं जायच्या. रतनबाई तिला मानेला धरून ओढून आणायची, आणि ती परत जायची, डांबराला चिकटलेलं चाटायला.

नंतरच्या वेतातली पिल्लं थंडीनं गेली, काही पोटफुगीनं. चार-पाच वर्षं हे असंच चाललं. मग भादव्यात पुन्हा गावभरची कुत्री वस्तीवर लोटली आणि दिवाळी झाल्यावर हरणीला सात पिल्लं झाली.

मेंढरं होती तेव्हा हे काम विठाबाई करायची. कामाची दोन ठेवायची आणि बाकीची डोळे उघडायच्या आत नाहीशी करायची. कुठं, कशी, ते रतनबाईनं कधी पाहिलं नव्हतं. आता करणारं दुसरं कुणी नव्हतं. पिल्लं आंधळी होती तोवरच तिनं मन घट्ट केलं. हरणी पाणी प्यायला गेली तेवढ्यात तिनं ती पोत्यात भरली आणि कालव्यावर गेली. कालव्याला पाणी सुटलं होतं, दोन्ही काठ भरून चाललं होतं. पोतं हातातून सुटलं, पण त्याचं तोंड नीट बांधलं गेलं नव्हतं. पिल्लं पाण्यावर पसरली. आणि त्याच वेळी मागून येऊन हरणीनं उडी घेतली.

कालव्याच्या सिमेंटच्या काठावर जनावराचा पाय ठरत नाही. हरणी वाहत चालली. रतनबाई काठानं अनवाणी धावत सुटली, पदर कुठं, चप्पल कुठं. पुढच्या पुलाच्या मोरीशी कचरा अडकून पाणी संथ झालं होतं. तिथं तिनं पालथं पडून हरणीची मान धरली आणि वर ओढली. हरणीच्या तोंडात एक पिल्लू होतं. मेलेलं.

ते पिल्लू हरणीनं गोठ्यात नेलं आणि पायांत घेऊन बसली. चाटायची, नाकानं आचळाकडं ढकलायची. वास सुटला तेव्हा रतनबाईनं ते काढून पुरलं. हरणीनं चावा घेतला नाही, गुरगुरलीही नाही. फक्त त्या दिवसापासून ती रतनबाईच्या हातचं खाईना. भाकरी जमिनीवर ठेवून रतनबाई लांब गेली तरच खायची. पिणारं कुणी नसल्यानं तिची आचळं दगडासारखी झाली, ताप भरला, एका जागी गळू होऊन फुटलं. रतनबाई गरम पाण्यानं शेकायची, हातानं दूध पिळून मातीत सोडायची. दूध पिळताना तिला शाळेची ती खोली आठवायची. मग ती हात थांबवून बसायची आणि काही वेळानं पुन्हा सुरू करायची.

अशात तिची सून प्रतिभा दोन्ही मुलींना घेऊन चार दिवस राहायला आली. तिनं हरणीची दशा पाहिली.

"आत्या, आमच्याकडं शिक्रापुरात जनावरांचा डॉक्टर हाय," ती म्हणाली. "कुत्र्यांचं आपरीशन करतो. पिशवी काढून टाकतो. पुन्हा पिल्लं व्हायची न्हाईत."

"मुक्या जिवाला फाडायचं?"

"मग दरसाल असंच चालू द्यायचं?"

"तिला कुणी इचारलंय का?" रतनबाई एकदम म्हणाली. तिचा आवाज इतका कडक होता की प्रतिभानं तो विषय सोडला.

प्रतिभानं तेव्हा आणखी एक गोष्ट काढली. दोन मुली झाल्या, आता स्वतःचंही ऑपरेशन करून घ्यावं असं तिच्या मनात होतं. बिरदेव ऐकत नव्हता. आत्यांनी सांगितलं तर ऐकेल, असं तिला वाटत होतं. रतनबाई चुलीतली लाकडं सारत राहिली. शेवटी म्हणाली, "थांब जरा. घाई करू नगंस. पुन्हा जोडता येत न्हाई ते." घाई या शब्दाशी तिचं काय नातं होतं ते प्रतिभाला माहीत नव्हतं. तिनं मान हलवली आणि मुलींच्या वेण्या घालायला बसली.

पुढचा उन्हाळा लागला आणि हरणी पुन्हा माजावर आली. या वेळी रतनबाईनं तिला गोठ्यात कोंडलं, दाराला साखळी घातली. कुत्र्यांनी दाराखालची माती उकरली. आपसात फाडाफाडी केली. त्या धुमाळीत शेजारच्या जयसिंगच्या गोठ्यात घुसून एका वासराचा कान आणि मांडी फाडली. जयसिंग पाटलाच्या घरातला, दुधाचा धंदा करणारा, ज्योतिबाच्या वयाचा माणूस. तो भांडायला आला नाही. लिंबाखाली उभा राहून शांतपणे बोलला.

"वहिनी, तुमचं माझं कधी वाकडं न्हाई. पर ही कुत्री हाय तवर ही टोळी येणार. आज कान गेला, उद्या पिसाळलेलं एखादं आलं तर माझा गोठा बसंल. मी औषध घालणार हाय. तुमच्या कुत्रीनं बी खाल्लं तर मला बोल लावू नका. आधी सांगून ठेवतोय."

"दादा, थोडं थांबा."

"किती थांबू? तुमचं तुम्ही काय ते ठरवा. शिक्रापूरला न्यायची असली तर आमची पिकअप दूध घिऊन त्याच बाजूला जाती. तेवढं करीन मी."

बिरदेवाला निरोप धाडला तर तो फोनवर म्हणाला, "आये, कुत्रीचं कसलं आपरीशन? लोक हसतील. मी येतो आन् पोत्यात घालून लांब घाटात सोडतो. इषय संपला." घाट म्हणल्याबरोबर रतनबाईनं फोन खाली ठेवला.

मग तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, औषध घालून मरू द्यायची, घाटात सोडायची, नाहीतर फाडू द्यायची, यातलं एक निवडलं. प्रतिभाकडून आलेल्या डॉक्टरच्या निरोपाप्रमाणं हरणीला आदल्या दिवशीपासून उपाशी ठेवलं आणि सकाळी जयसिंगच्या पिकअपमध्ये, दुधाच्या कॅनांमध्ये, तिला मांडीजवळ घेऊन बसली. चौफुल्यापासून पुढं साऱ्या रस्त्यानं हरणीचं अंग थरथरत होतं.

शिक्रापूरच्या चौकात प्रतिभा वाट बघत उभी होती. डॉक्टरचा दवाखाना एका गाळ्यात होता. बाहेर टायरचं दुकान, पुढं ट्रकांची रांग. डॉक्टर तरुण होता, बोलायला सरळ. त्यानं हरणीच्या तोंडाला पट्टी बांधली, टेबलावर घेतली, दोन्ही हातांनी पोट चाचपलं. एकदा चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"मावशी, ही गाभण आहे."

"कोंडून ठिवली हुती."

"कोंडायच्या आधी लागली असेल. महिना झाला असावा." त्यानं हात पुसले. "आता दोन गोष्टी आहेत. परत न्या, व्याली की पिल्लं दूध सोडल्यावर आणा. नाहीतर आज करतो. पिशवीबरोबर पिल्लं जातील. रक्त जास्त जाईल, धोका थोडा जास्त, पण होतं. मी कशालाच आग्रह करणार नाही. तुम्ही सांगाल तसं."

रतनबाईनं हरणीच्या पोटावर हात ठेवला. तिच्या हाताला काहीच लागलं नाही. नुसतं गरम पोट आणि धडधड.

"डागदर, तिला कळंल का?"

"काय?"

"पोटात हुतं ते न्हाई, हे."

डॉक्टरनं हरणीच्या कानामागं खाजवलं. मग म्हणाला, "शरीराला कळतं. काही दिवस शोधतात. मग विसरतात."

"जरा बाहेर जाऊन येते," रतनबाई म्हणाली.

प्रतिभा मघाच बाहेर गेली होती. टायरच्या दुकानामागं, गटाराच्या कट्ट्यावर ती तोंडात पदर कोंबून बसली होती. रतनबाईला वाटलं, रक्तामांसाच्या गोष्टीनं पोरीला कसंतरी झालं असेल. ती शेजारी टेकली.

"तुला नको वाटत असंल तर तू घरी जा. मी बघते."

"त्ये न्हाई, आत्या."

"मग?"

प्रतिभा समोरच्या ट्रकांकडं बघत बोलू लागली. आवाज सपाट होता. "मला बी दिवस राह्यले हुते. तीन म्हैने झाले हुते. शिमग्याच्या आधी ह्यांनी गाडीवर बसवलं. कुठल्या गावाला न्हेलं ते बी मला सांगितलं न्हाई. तिथं मशिनीत बघितलं. पोरगी हाय म्हणाले. मग तिथंच केलं सगळं. संध्याकाळी खोलीवर आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी हे फस्ट शिफ्टला गेले."

रतनबाईनं तिच्याकडं वळून बघितलं.

"मला न्हाई सांगितलंस."

"काय सांगू? तुम्हीच म्हणाला हुता, थांब जरा म्हणून. मी थांबले."

एक कंटेनर चौकातून वळताना बराच वेळ अडकून राहिला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला.

"पुन्यांदा न्हेणार हायत," प्रतिभा म्हणाली. "पोरगा हुईस्तवर. माझ्या अंगात रगत ऱ्हायलं न्हाई, आत्या. जिना चढले की डोळ्यापुढं काळं येतं."

तेव्हा रतनबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट कुणाला सांगितली. रेशनकार्ड, ट्रॉली, सतरंज्या, भिजलेली चोळी. घाटातले धोंडे. विठाबाईचं बोलणं, ज्योतिबाचं ते एक वाक्य. सांगताना तिला रडू आलं नाही. फार दिवस कुलपात ठेवलेली भांडी काढावीत तसं तिनं एकेक काढून ठेवलं. "माझं मला न इचारता केलं," ती शेवटी म्हणाली, "म्हणून मी तुला थांब म्हणाले. तू स्वतः मागतियास, हे माझ्या टकुऱ्यात शिरलंच न्हाई."

प्रतिभानं तिचा हात धरला. प्रतिभाचा हात थंड होता आणि उन्हाळा तर भर पेटलेला. रतनबाईला त्या थंड हाताची भीती वाटली.

दोघी आत गेल्या. हरणी टेबलावर आडवी होती, डॉक्टरचा माणूस तिच्या मानेवरून हात फिरवत होता. तिनं डोळे वळवून रतनबाईकडं पाहिलं. घरी परत नेली तर काय होईल ते रतनबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. पुन्हा गोठा, पुन्हा पोतं, पुन्हा कालवा, आणि हात पुन्हा तिचेच. आपण हिच्यावर उपकार करतोय असं तिला क्षणभरही वाटलं नाही.

"करा," ती म्हणाली.

भूल चढेपर्यंत तिनं हरणीचं डोकं धरून ठेवलं. डोकं जड झालं, जीभ बाजूला लोंबली, तसं डॉक्टरनं त्यांना बाहेर बसायला सांगितलं. दुपार झाली. आतून दोनदा कापूस मागितल्याचा आवाज आला. डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "रक्त बरंच गेलं, पण वाचली," तो म्हणाला. आत टेबलाखाली एक घमेल्यासारखी पाटी होती, वर हिरवं कापड टाकलेलं. रतनबाईनं ते उचलून पाहिलं नाही. पण बाहेर पडताना ती त्या पाटीपाशी थांबली आणि वाकून तिनं कापडाची सरकलेली कड नीट केली.

रतनबाई त्या दिवशी वस्तीवर परतली नाही. प्रतिभाच्या खोलीवर, जिन्याखालच्या जागेत, पोत्यावर हरणीला निजवून तिच्या शेजारी बसली. संध्याकाळी बिरदेव कंपनीतून आला. जिन्याखाली आई आणि कुत्री बघून तो आधी हसला, मग चिडला.

"केलंसच म्हण की शेवटी."

"व्हय. आन् आता प्रतिभाचं बी करून आणणार हाय. मी जाणार तिच्यासंगं."

बिरदेवानं प्रतिभाकडं पाहिलं. ती दारात उभी होती. तिनं नजर खाली घातली नाही.

"आये, तू ह्यात पडू नगं. मला पोरगा पाहिजे. बाच्या मागं नाव नको चालवायला?"

"बिरदेवा, तुझी भन मी घाटात पुरली. ती जागा आता मला सापडायची न्हाई, पर पुरली हुती, धोंडे ठिवले हुते, येवढं मला ठावं हाय. तुझी ती ल्येक कुठं टाकली, तुला ठावं हाय का?"

बिरदेवाचं तोंड पांढरं पडलं. मग त्यानं गाडीला किक मारली आणि निघून गेला. परत आला तो दुसऱ्या दिवशी, आणि आईशी न बोलता आंघोळ करून कामाला गेला.

प्रतिभाचं ऑपरेशन लगेच झालं नाही. अंगात रक्त फार कमी म्हणून डॉक्टरीणबाईनं दोन महिने गोळ्या दिल्या. ते दोन महिने ती मुलींसह वस्तीवरच राहिली. रतनबाई तिला नाचणीची आंबील, खजूर, मटकी, जे मिळेल ते घालत होती. ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं विचारलं, "नवरा कुठं आहे?" रतनबाई म्हणाली, "तो न्हाई. तिला इचारा. सही येती तिला." प्रतिभानं सही केली. अक्षर वाकडं आलं, पण सही तिची होती.

इकडं हरणीचे टाके सुकले, पण पंधरा दिवसांनी तिच्या आचळांना दूध आलं. डॉक्टर म्हणाला होता तसंच. ती घरभर, गोठाभर काहीतरी हुंगत फिरू लागली. एके सकाळी रतनबाईची लोकरीच्या सुताची गुंडी सापडेना. शोधता शोधता ती गोठ्यात गेली तर हरणी कोपऱ्यात वेटोळं करून पडली होती आणि पोटाशी ती काळी गुंडी. चाटून चाटून ओली केलेली. हलकेच नाकानं आचळाकडं ढकलत होती.

प्रतिभा म्हणाली, "काढून घिऊ का, आत्या? इसरंल मग."

"राहू दे," रतनबाई म्हणाली. ती तिथंच उकिडवी बसली. हरणीनं एकदा तिच्याकडं पाहून गुंडीवर पंजा ठेवला आणि गुरगुरली. गुरगुरण्यात जोर नव्हता. रतनबाई मागं सरकली.

गुंडी दहा-बारा दिवस तिथं राहिली. मग हरणीनंच ती सोडली. रतनबाईनं ती धुतली नाही की तिचं पुढं काही विणलं नाही. गोठ्यामागच्या बाभळीच्या बुंध्याशी पुरून टाकली. भादवा आला तेव्हा वस्तीवर कुत्री आली नाहीत. जयसिंगनं औषध घातलं नाही. हरणी अंगानं सुटली, सुस्तावली, पडून राहायला लागली. भाकरी जमिनीवरूनच खायची. रतनबाईच्या हातातून तिनं पुढं कधीच घेतली नाही.

प्रतिभा परत शिक्रापूरला गेली. जायचं होतंच, मुलींची शाळा तिकडं होती. बिरदेवानं तिला टाकलं नाही, पण धड बोलतही नव्हता. त्यानं दुसरी करायची भाषा केली, पाहुण्यांत चौकशी केली, मग काय झालं कोण जाणे, ते बारगळलं. प्रतिभा शिलाईमशिनीवर बसू लागली. रंग हळूहळू परत आला. जिना चढताना मात्र ती अजूनही मधल्या पायरीवर थांबायची. कधी कधी मुलींना घेऊन वस्तीवर यायची. तिसरी असती तर आता केवढी झाली असती, हे दोघींच्याही मनात यायचं. तेवढं एकच त्या एकमेकींना कधी बोलून दाखवत नसत.

बिरदेव मात्र वस्तीवर फिरकला नाही. दोन दिवाळ्या गेल्या. तिसऱ्या साली, जमिनीच्या कसल्याशा मोजणीसाठी, एकदा दुपारी तो कालव्याच्या कडेनं चालत आला. अंगानं वाळला होता, कानाजवळचे केस पांढरे झाले होते. लिंबाखाली पडलेली हरणी उठली. तिला आता नीट दिसत नव्हतं. ती अंगणाच्या कडेला जाऊन, चारी पाय रोवून, त्याच्यावर भुंकू लागली. परक्या माणसावर भुंकावं तशी, न थांबता.

"हरणे, आगं मी हाय," बिरदेव म्हणाला.

ती भुंकतच राहिली. रतनबाई दारातून बघत होती. एका हाकेत तिनं हरणीला गप्प केलं असतं. तिनं हाक मारली नाही. बिरदेव उन्हात उभा राहिला. बराच वेळ राहिला. शेवटी हरणीच दमली आणि धापा टाकत बाजेखाली जाऊन बसली. तेव्हा रतनबाई आत गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि बाहेर बाजेवर ठेवलं.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. पाणी प्याला.